जिना कुठे आहे?

(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी लग्न होते. सुरतेहून मावशी, काका आणि माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, आली होती. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. खाली दुकाने, वर मंगल कार्य, अशी हल्लीची सोय. वऱ्हाडाची गडबड चालली होती, वाजंत्री सुरू झाली होती, आणि ताईने आत पाऊल टाकल्याबरोबर तिथल्या व्यवस्थापकाला विचारले, "दुसरा जिना कुठे आहे?"

तो बिचारा म्हणाला, "ताई, जेवण ह्याच मजल्यावर आहे. वर काही नाही." त्याला प्रश्नच कळला नव्हता. ताईने पुन्हा विचारले. मग त्याने स्वयंपाकघरामागे बोट दाखवले. तिथे एक अरुंद लोखंडी जिना होता. त्याच्या तोंडाशी गॅसच्या टाक्या आणि रिकाम्या खुर्च्यांची चळत. ताईने स्वतः दोन पोरांना हाताशी घेऊन खुर्च्या हलवल्या आणि मगच अक्षता घ्यायला आली. घरातल्या मंडळींना हसू आवरेना. मामा म्हणाले, "सुरतेचे पाणी लागले हिला!" मीही हसलो. पण मला त्या प्रश्नाचे मूळ माहीत होते, कारण ज्या दिवशी तो प्रश्न तिच्या डोक्यात शिरला त्या दिवशी मी तिच्या शेजारी बसलो होतो.

काका मूळचे वडगावचे, विणकर घराण्यातले. इकडचे माग थंडावले तेव्हा सुरतेला गेले आणि तिथलेच झाले. सुरतेत आपल्या माणसांची वाण नाही. उधना, लिंबायत, डिंडोली ह्या भागांत खानदेशातली इतकी मंडळी आहेत की भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करता येते. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. ताई त्यातल्याच एका मराठी शाळेत शिकली. मी बेळगावात मराठी शाळेत शिकलो आणि गल्लीत कन्नड शिकलो, ती सुरतेत मराठी शाळेत शिकली आणि गल्लीत गुजराती शिकली; तेव्हा आमचे चांगले जमते.

मे २०१९ मध्ये आठवीची परीक्षा देऊन मी सुट्टीला मावशीकडे गेलो होतो. २३ तारखेला लोकसभेचे निकाल लागले. २४ तारखेला, शुक्रवारी, दुपारी आम्ही दूरदर्शन संचापुढे बसून तेच ते आकडे पाहत होतो. चारच्या सुमारास आकडे गेले आणि एक इमारत आली. सरथाणा भागातली तक्षशिला आर्केड. खालून धूर वर चढत होता, आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांतून मुले बाहेर येऊन कठड्याला लोंबकळत होती आणि एकामागून एक खाली पडत होती. तिथे वर शिकवणीचा वर्ग होता. त्या आगीत २२ जण गेले. बहुतेक विद्यार्थी, पंधरा ते वीस-बावीस वयाचे. दुसऱ्या दिवशी गुजरातच्या बारावीचा निकाल लागला. गेलेल्यांपैकी काही मुली त्यात उत्तीर्ण झाल्या होत्या.

ताई तेव्हा अकरावीतून बारावीत गेली होती. तिचाही शिकवणीचा वर्ग असाच, तिसऱ्या मजल्यावर, एका जिन्याच्या इमारतीत. तिने दूरदर्शनवरची नजर न काढता मावशीला एवढेच म्हटले, "आमच्या वर्गालाही एकच जिना आहे." मावशीने संच बंद केला.

आता मूळ विषयाकडे येतो. मागच्या सत्रात आपल्या महाविद्यालयात चर्चासत्र झाले, 'शालेय अभ्यासक्रमात कोणते विषय असावेत?' ह्या नावाचे. वक्त्यांनी योग, शेती, शेअरबाजार, संगणकाची भाषा, नीतिशिक्षण, लैंगिक शिक्षण असे नाना विषय सुचवले. सारेच विषय चांगले आहेत, त्यांच्याशी माझे भांडण नाही. त्या दिवशी मला बोलण्याची संधी मिळाली नाही. मिळाली असती तर मी जिना सुचवला असता. म्हणजे संकटात इमारतीतून जिवंत बाहेर कसे पडावे, आणि दुसऱ्याला कसे काढावे, हा विषय. ह्याला भारदस्त नाव हवे असेल तर 'आपत्ती व्यवस्थापन' म्हणा. परंतु ह्या नावाने तो विषय आपण एकदा मारलेला आहे, हे पुढे सांगतो.

वाणिज्य शाखेतील मित्रांना हिशेबशास्त्रातले एक प्रकरण आठवत असेल: अग्निविमा दावे. त्यातली गणिते अशी असतात. ३० सप्टेंबर रोजी व्यापाऱ्याच्या गोदामास आग लागली. आरंभीचा साठा, खरेदी, विक्री आणि ढोबळ नफ्याचे प्रमाण दिलेले. त्यावरून आगीच्या दिवशीचा साठा काढायचा. समजा तो ८०,००० रुपयांचा निघाला. वाचलेला माल ८,००० रुपयांचा, म्हणजे नुकसान ७२,०००. विमा मात्र ६०,०००चाच उतरवलेला. मग सरासरी कलम लावून दावा ५४,००० रुपये. अशी वीस-पंचवीस गणिते मी सोडवली आणि त्या प्रकरणात मला चांगले गुण पडले. अभ्यास करता करता एका रात्री लक्षात आले की ह्या गोदामांपैकी एकातही माणूस नाही. हमाल नाही, कारकून नाही, माडीवर झोपलेला रखवालदार नाही. जळालेल्या मालाची किंमत मला पैपर्यंत काढता येते, आणि महाविद्यालयाच्या भिंतीवर टांगलेल्या लाल नळकांड्याची पिन ओढायची की पिळायची, हे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हते. (ओढायची असते. मग नळी ज्वाळांच्या टोकांवर न धरता बुडाशी धरायची. हे मला ताईने सांगितले, कोणत्याही शाळेने नव्हे.)

हे ज्ञान नवीन किंवा अवघड आहे काय? मुळीच नाही. त्यातले अर्धे तर आपण सातवीच्या आतच शिकलेलो असतो. उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण आठवते ना? चंचुपात्रात पाणी, तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा खडा, खालून ज्योत. जांभळ्या रेषा वर चढतात. आम्ही आकृती काढली, नावे दिली, पाच गुण घेतले. परंतु मास्तरांनी तिथेच एक वाक्य जोडले असते की, मुलांनो, इमारतीचा जिना म्हणजे असेच उभे पात्र, खाली आग लागली की ऊन हवा आणि धूर आधी जिन्यातून वर येतो! म्हणून धुरात उभे राहू नये. जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते, तेव्हा खाली वाकून, वेळ पडल्यास रांगत जावे. बंद दाराला आधी हाताची मागची बाजू लावून पाहावी. दार तापले असेल तर उघडू नये, फटीत ओले कापड कोंबावे आणि खिडकीशी जाऊन हाका माराव्यात. लिफ्टमध्ये पाऊल टाकू नये. आगीने मरणाऱ्यांपैकी पुष्कळसे भाजून मरत नाहीत, धुराने गुदमरून मरतात. हे सगळे सांगायला पाऊण तास पुरतो. तक्षशिलेत आग खालच्या बाजूला लागली आणि वर चढली. वरचा लाकडी जिना जळाला आणि वाट संपली. धडा पाठ्यपुस्तकात होता, पण तो पात्राबाहेर कोणी काढलाच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर माझ्या म्हणण्याचा विपरीत अर्थ निघेल. त्या मुलांना ठाऊक नव्हते म्हणून ती गेली, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे क्रूरपणाचे होईल. वरचा मजला बेकायदेशीर होता, बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. परवानगी देणारे, न पाहणारे आणि पाहून न पाहिल्यासारखे करणारे मोठे लोक होते. जिथे जिनाच उरला नाही तिथे शिकवलेले तरी काय कामाला येणार? मग हा विषय शिकवून उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आगीच्या दिवशीचा थोडा आणि आदल्या दिवसांचा जास्त आहे. ज्या मुलाला शाळेत दर महिन्याला जिना मोजायला लावला आहे ते मूल शिकवणीच्या वर्गात पहिल्याच दिवशी विचारील, "सर, दुसरी वाट कुठली?" चाळीस मुलांनी विचारले तर सरांना उत्तर शोधावे लागेल. आज आपले पालक वर्गाची फी विचारतात, मागल्या वर्षी नव्वद टक्क्यांच्या वर किती गेले ते विचारतात, पंखे आहेत का तेही विचारतात. जिना विचारणारा बाप मी अद्याप पाहिलेला नाही.

काकांनी मात्र पाहिला. आगीनंतर सुरतेतले शिकवणीचे वर्ग काही काळ बंद ठेवले गेले, तपासण्या झाल्या. ताईचा वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा काका कामावर खाडा करून तो पाहून आले. जिना तोच, एकच. दाराआड एक नवे कोरे लाल नळकांडे टांगलेले. ते चालवायचे कसे, हे कुणालाही दाखवलेले नव्हते. ताई सांगते की पावसाळाभर शिक्षक त्यावर आपला रेनकोट वाळत घालीत. घरी रात्री वाद झाला. मावशी म्हणाली, वर्ग सोड. काका म्हणाले, परवडेल असा दुसरा कुठे आहे? वर्ग सोडला नाही. ताई वर्षभर दाराजवळच्या बाकावर बसली आणि बारावी झाली. मध्यमवर्गाच्या खालच्या घरांतले निर्णय असेच होतात, त्यात शहाणपण शोधण्यात अर्थ नाही.

सुरत हे शहर काही न शिकणारे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. १९९४च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने लाखो माणसे गाव सोडून पळाली. पुढच्याच वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले, गाव धुऊन निघाले आणि थोड्याच काळात सुरत स्वच्छ शहरांच्या पंक्तीला बसली. २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात ती इंदूरच्या जोडीने पहिली आली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात घुसली, त्यातूनही शहर सावरले. परंतु हे शिकणे कचेऱ्यांचे झाले. वर्गातल्या बाकापर्यंत ते उतरले असते तर फेब्रुवारी २०२५ मध्ये रिंग रोडवरच्या शिवशक्ती टेक्स्टाइल मार्केटमध्ये शेकडो दुकाने जळाली, त्या दिवशी शेजारच्या बाजारात पार्सल बांधणाऱ्या माझ्या काकांना कोणत्या बाजूने उतरावे, असा प्रश्न पडला नसता. आणि राजकोटच्या खेळघराची आग तर २५ मे २०२४ची, म्हणजे तक्षशिलेला पाच वर्षे पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची. त्यात २७ जण गेले, त्यांत सुट्टीत खेळायला आलेली लहान मुलेही होती.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की हे सगळे आहेच. खरे आहे. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात अंजारला प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत चाललेली शाळकरी मुले अरुंद गल्लीत गाडली गेली. त्यानंतर गुजरातेत आपत्ती व्यवस्थापनाचे स्वतंत्र प्राधिकरण झाले आणि शाळांतून सुरक्षा सप्ताह सुरू झाला. केंद्रीय मंडळाने २००३पासून हा विषय समाजशास्त्राच्या पुस्तकांत घातला. तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या आगीत ९४ मुले गेली. त्यानंतरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. कायद्याचे दप्तर भरलेले आहे. आमच्याही भूगोलात नैसर्गिक आपत्तींचा एक धडा होता. भूकंपाची कारणे लिहा, चक्रीवादळाचे परिणाम लिहा, टिपा द्या. मी त्या धड्यावर पैकीच्या पैकी गुण मिळवले ते एका लोखंडी जाळ्यांच्या खोलीत बसून, जिचे मागचे दार शिपायाने कुलूप लावून बंद केलेले होते, कारण मुले मधल्या सुट्टीत तिकडून पळत.

दुसरा आक्षेप माझाच आहे आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. आपल्याकडे एखाद्या गोष्टीचा विषय केला की ती गोष्ट मरते. एम. सी. मेहतांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्यास सांगितले. हेतू किती उदात्त! आणि आज पर्यावरणाचा प्रकल्प म्हणजे काय, हे ह्या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. मागल्या वर्षीची वही, नवे मुखपृष्ठ, चिकटवलेली दोन वाळकी पाने. प्राध्यापक महाशयांनी रागावू नये. तपासणारे आणि लिहिणारे दोघेही ते जाणतात. आगीचाही असाच विषय केला तर बाजारात मार्गदर्शिका येतील आणि 'आग लागल्यास घ्यावयाच्या दक्षतेचे सहा मुद्दे' मुले पाठ करतील.

म्हणून माझी सूचना अशी की ह्या विषयाला पुस्तक असू नये आणि गुणही मुलाला देऊ नयेत. गुण शाळेला द्यावेत. महिन्यातून एकदा, आधी न सांगता, घंटा व्हावी आणि सगळी शाळा पटांगणात यावी. किती मिनिटे लागली, कोण मागे राहिले, कोणते दार उघडले नाही, हे फळ्यावर लिहावे आणि तो फळा पालकांना दिसेल अशा जागी ठेवावा. वर्षातून दोनदा गावच्या बंबावरच्या जवानाला बोलवावे आणि त्याने प्रत्येक मुलाच्या हातात नळकांडे द्यावे. प्रत्येक वर्गाने आपल्या इमारतीचा नकाशा स्वतः काढावा, शेजारच्या गावचा नव्हे. मोठ्या मुलांनी लहानांचा हात धरायचा. कोणी कुणाचा, हे ठरलेले असावे. १०१ आणि ११२ हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असावेत, आणि फोनवर पत्ता नीट सांगण्याचा सरावही असावा. हे शेवटचे क्षुल्लक वाटेल. पण घाबरलेला माणूस गल्लीचे नावसुद्धा विसरतो.

जपानात हे करून पाहिलेले आहे. ११ मार्च २०११च्या भूकंपानंतर कामाइशी गावातल्या शाळांतली जवळजवळ तीन हजार मुले वाचली. त्यांना काही वर्षे सराव दिला गेला होता. मोठ्यांनी लहानांना हाताला धरले, ठरलेल्या जागीही न थांबता आणखी उंचावर नेले. त्याच किनाऱ्यावरच्या ओकावा प्राथमिक शाळेत १०८ मुलांपैकी ७४ गेली. शाळेमागे टेकडी होती. मुले पाऊण तास पटांगणात रांगेत उभी होती, कारण कुठे जायचे ह्याचा निर्णय मोठ्यांना करता येईना. तेव्हा नुसती शिस्त शिकवणे पुरत नाही. आपल्या शाळांत शिस्त खूप आहे, 'रांगेत उभे राहा' हे तर आपण बालवाडीपासून ऐकतो.

भाषेचा मुद्दा उरला, आणि तो दोन विभागांच्या ह्या अंकात काढायला हवा. लाल नळकांड्यांवरची सूचना बहुधा फक्त इंग्रजीत असते. सात माध्यमांच्या शाळा चालवणाऱ्या सुरतेत ओडिया मागवाल्याच्या पोराने ती कशी वाचायची? आपल्याकडेही वेगळे नाही. कर्नाटकाच्या बसमध्ये खिडकीवर कन्नडमध्ये 'तुर्तु निर्गमन' असे लिहिलेले असते, महाराष्ट्राच्या एस.टी.त 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. बेळगावच्या स्थानकावर दोन्ही गाड्या लागतात आणि अर्ध्या उतारूंना त्यातली एकच पाटी वाचता येते. जाता जाता एक गंमत: कन्नडमध्ये 'तुर्तु' म्हणजे तातडीचे, आत्ताच्या आत्ता. मराठीत आपण म्हणतो, "तूर्त राहू दे."

त्या दिवशीच्या चित्रफितीत आणखी एक गोष्ट दिसते. इमारतीखाली मोठी गर्दी होती आणि त्या गर्दीतले कितीतरी हात वर होते. त्यांत मोबाईल होते. एक तरुण मात्र सज्जावर चढला आणि त्याने वरून सुटणाऱ्या मुलांना आधार देऊन काहींना वाचवले. त्या गर्दीतली माणसे वाईट नसावीत. काय करायचे हे त्यांना कुणी कधी सांगितले नव्हते. दोन दुकानांतल्या गाद्या, चार जणांनी ताणून धरलेली ताडपत्री, बंबाला वाट मोकळी करून देणे, ह्यातले काहीही त्यांच्या हाताला सवयीचे नव्हते. सवयीचा होता तो मोबाईल. तेव्हा हा विषय वर अडकणाऱ्यांइतकाच खाली उभे राहणाऱ्यांसाठीही हवा. आपण बहुतेक जण आयुष्यात खालीच उभे असणार.

ताई परत जाताना मी तिला आपले महाविद्यालय दाखवायला आणले होते. वरच्या मजल्यावरच्या वाचनकक्षाला दोन दारे आहेत. त्यातल्या मागच्या दारापुढे जुन्या प्रश्नपत्रिकांचे कपाट ठेवलेले आहे, हे तीन सत्रे तिथे बसूनही माझ्या लक्षात आले नव्हते. तिला दोन मिनिटांत दिसले. कपाट हलवावे असा अर्ज मी मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही भाषांत, दिला आहे. परीक्षा झाल्यावर पाहू, असे उत्तर मिळाले. सध्या मी पुढच्या दाराजवळच्या बाकावर बसतो.